कुडाच्या काड्यांचा कोळसा

दिनांक २ मे १९५५, सोमवार, सकाळचे साडेनऊ. रक्कम दोनशे वीस रुपये. जागा, चांद्याच्या स्टेशनामागचं कंपनीचं गोदाम. हजर माणसं चार: कंपनीचे तपासनीस साहेब, कोळसा पाडणारा, त्याची बायको आणि मी. ही रक्कम कोळसा पाडणाऱ्याला मिळायची होती. त्या दिवशी ती मिळाली नाही, आणि त्याला कारण मी होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने माझ्याविषयी दुसरी काही आशा धरू नये.

मी सरकारच्या दारूगोळ्याच्या कंपनीत खरेदी कारकून आहे. कंपनी पलटणीसाठी गोळे आणि काडतुसं बनवते, आणि काळी बारूद खाणींना आणि परवान्याच्या बंदुकवाल्यांना विकते. कारखाना आमच्या जिल्ह्यात नाही, रेल्वेने एक रात्र दूर आहे. आमच्याकडून जातो तो कच्चा माल. काळ्या बारुदीला सोरा, गंधक आणि कोळसा लागतो. कोळसा मात्र कुठलाही चालत नाही. सागाचा किंवा ऐनाचा कोळसा चुलीला उत्तम, पण बारुदीला जड पडतो. तुरीचं पीक निघाल्यावर ज्या काड्या उरतात, त्या तुऱ्हाट्यांचा कोळसा हलका असतो आणि चटकन पेटतो. कंपनीला तोच हवा असतो. मला नोकरीत येईपर्यंत हे ठाऊक नव्हतं. आमच्या घरी तुऱ्हाट्या चुलीत जायच्या, नाहीतर कुडाच्या भिंतीत.

त्या साली मला एकशे साठ मण कोळसा तीस एप्रिलच्या आत जमा करायचा होता. पाच मण काड्यांचा एक मण कोळसा पडतो, म्हणजे काड्या आठशे मण. आधीची दोन वर्षं मी वरोऱ्याकडून माल घेतला होता. तिथे एका एकरात चाळीस मण काड्या निघाल्याचं मी स्वतः काट्यावर पाहिलं होतं. या वेळी कंपनीने पोंभुर्णा आणि गोंडपिपरीकडचा भाग दिला. मी पटवाऱ्याच्या कागदांवरून सात गावांची तूर काढली, ती चोवीस एकर भरली. मला लागत होती वीस एकराची. चार एकर हाताशी राहतात असं मी वर लिहून कळवलं, आणि माझ्या आकड्यावर साहेबांनी सही केली.

मी तेव्हा सहा वर्षं तात्पुरता होतो. मला कायम करायचं की नाही, हे त्याच साहेबांच्या शेऱ्यावर ठरणार होतं.

कोळसा पाडायला माणूस मिळाला तो पोंभुर्ण्यापुढच्या जंगलातल्या एका गोंड वस्तीतला. चाळिशीचा, बोलायला कमी, कामाला पक्का. मण कोळशाला एक रुपया सहा आणे असा भाव ठरला. त्याने हाताखाली चार माणसं घेतली, त्यांपैकी एक त्याच्या बायकोचा भाऊ. त्यांची मजुरी तो कोळशाचे पैसे आल्यावर देणार होता, तोवर जेवण त्याच्या घरचं. कंपनीने सहा लोखंडी पिंपं दिली होती. काड्या पिंपात घालायच्या, झाकण लावायचं, बाहेरून जाळ करायचा. कोळसा जमिनीतल्या खड्ड्यात पाडायचा नाही, असा कडक हुकूम होता, कारण खड्ड्यातल्या कोळशात माती येते. बारुदीच्या गिरणीत तिन्ही वस्तू लोखंडी चाकाखाली दळतात. रेतीचा एक कण चाकाखाली आला की ठिणगी पडू शकते. मग गिरणी राहत नाही आणि तिथली माणसंही राहत नाहीत. हे मला छापील कागदावर दिलेलं होतं, आणि तो कागद मी कोळसा पाडणाऱ्याला वाचून दाखवला होता. त्याने सगळा ऐकून घेतला आणि एवढंच विचारलं की तिथं कामाला आपल्यासारखेच लोक असतात का. मी हो म्हणालो.

मार्च संपेपर्यंत काड्या आल्या पाचशे वीस मण. पुढे येणं थांबलं. मी गावोगाव फिरलो, तेव्हा माझी चूक मला एका पाटलांनी त्यांच्या ओसरीवर बसवून समजावली.

पाटील म्हणाले, "बाबू, आमचा मुलूख धानाचा. तूर आमी धुऱ्यावर लावतो, वावरात नाई. पटवारी धुरा मोजून एकर लिवते. तुमी त्या धुऱ्याले वावर समजून काड्या मोजल्या."

दोन शेतांच्या मधला बांध म्हणजे धुरा. त्याच्यावर तूर विरळ, एका ओळीत. वरोऱ्याच्या काळ्या जमिनीतला चाळीस मणांचा हिशेब इथल्या धुऱ्याला लावणं, ही चूक शेतकऱ्याच्या पोराने केली नसती. मी पहिल्या दिवशी पाटलांना विचारलं असतं तर त्यांनी चहा संपायच्या आत सांगितलं असतं. मी कागदाला विचारलं.

दोनशे ऐंशी मण काड्या कमी होत्या आणि महिना उरला होता. खरं लिहून कळवायचं तर आकडा माझा होता. पाटलांकडे बसलेल्यांपैकी कोणीतरी विचारलं की घरातल्या जुन्या काड्या चालतील काय. आमच्याकडे स्वैपाकघराला, गोठ्याला, परसाला तुऱ्हाट्यांचा कूड घालतात, वरून मातीशेणाने लिंपतात. दोन-तीन वर्षांनी कूड काढून नवा घालायचाच असतो. मी म्हणालो, तुऱ्हाटीच असेल तर जुनी नवी मी पाहत नाही, मणाला दोन आणे तोच भाव.

पाटील हसले. "म्हंजे आता सरकार आमच्या घराच्या भिती तोफेत भरून राह्यली म्हना."

सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून गाड्या सुरू झाल्या. बायका डोक्यावर भारे घेऊन आल्या. पंधरा दिवसांत दोनशे ऐंशी मण पुरे झाले, वर अडीच मण जास्त भरले. ते अडीच मण मी परत केले आणि स्वतःच्या चोखपणावर खूष झालो.

काड्यांना माती लागलेली होती. कोणालाही दिसेल अशी. कोळसा पाडणाऱ्याने एक भारा सोडला, एक काडी दगडावर आपटली. मातीचा पापुद्रा पडला, पण गाठीजवळ आणि फांदी फुटते त्या बेचक्यात ती तशीच चिकटून राहिली. त्याने नखाने उकरून मला दाखवली.

"धुवा लागन, बाबू. नाल्यात धुऊन वाळवाले आठ दिवस."

मी मनात तारखा मोजल्या. आठ दिवस धुण्यात गेले तर तीस एप्रिल हुकत होती. मी त्याला सांगितलं की झटकून घे, जाळात माती गळून पडते.

त्याने काडी भाऱ्यावर टाकली. मग म्हणाला, "तुमी म्हनता तं झटकतो. पन उद्या कोनी विचारलं तं तुमी सांगजा."

"सांगीन," मी म्हणालो.

आणखी एक गोष्ट मी केली. चांगल्या काड्यांचा कोळसा एकशे चार मण झाला होता, कुडाच्या काड्यांचा छप्पन मण. पोत्यांना वेगळे आकडे घातले असते तर पुढे दोन्ही वेगळे राहिले असते. पण वेगळा आकडा घातला की वहीत कारण लिहावं लागतं. मी सगळ्या पोत्यांना एकाच ओळीने आकडे घातले आणि शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. माझ्या वहीत कोरा रकाना म्हणजे दोष नाही असा अर्थ होतो. तो नियम माझाच होता.

आता २ मेची सकाळ. साहेब पुण्याकडचे, वयाने माझ्याएवढेच, बोलायला सभ्य. कोळसा पाडणारा शेवटच्या गाड्यांबरोबर आला होता, पैसे घेऊन परस्पर मीठमिरची आणि बायकोला लुगडं घेऊन जायचा त्याचा विचार होता. लुगड्याचं त्याने मला वाटेत सांगितलं होतं. त्याची बायको गोदामाच्या दारात बसली होती. तिला मराठी कळायची, पण बोलायची ती गोंडीच.

साहेबांनी पाच पोती निवडली. एक पांढरं तामचिनी घमेलं मागवलं, त्यात पाणी भरलं, प्रत्येक पोत्यातला कोळसा मूठभर कुटून त्यात टाकला आणि ढवळला. कोळसा वर तरंगतो. पहिल्या तीन वेळा घमेल्याचा तळ पांढरा राहिला. चौथ्या वेळी तळाला तांबूस गाळ बसला. पाचव्या वेळीही बसला. साहेबांनी गाळ बोटावर घेतला, दाताखाली धरला, आणि मला म्हणाले, तुम्हीही पाहा. मी पाहिलं. करकर लागली.

साहेबांनी कोळसा पाडणाऱ्याला विचारलं, खड्ड्यात पाडला का. तो नाही म्हणाला. मग वजनासाठी रेती घातलीस का, असं विचारलं. ते त्यांनी रागाने विचारलं नाही. त्यांना तसे अनुभव होते.

त्याने माझ्याकडे हात केला आणि म्हणाला, "बाबूले विचारा."

साहेब माझ्याकडे वळले. "माल घेताना तुम्ही तिथे होतात. काड्यांना माती होती का?"

एवढा सरळ प्रश्न होता. हो किंवा नाही. मी वही उघडली, पान काढलं आणि म्हणालो, "माझ्या वहीत मातीची नोंद नाही, साहेब. काड्या कोरड्या होत्या."

दोन्ही वाक्यं खरी होती. काड्या कोरड्याच होत्या आणि नोंद नव्हतीच. मी तोवर आयुष्यात हिशेबात खोटं लिहिलं नव्हतं, आणि त्या क्षणीही मला असं वाटत होतं की मी खोटं बोललेलो नाही. वहीचं पान साहेबांकडे करताना माझं बोट त्या कोऱ्या रकान्यावर होतं.

कोळसा पाडणारा माझ्याकडे पाहत होता. पुढे काही येईल म्हणून तो थांबला होता. काही आलं नाही. मग तो "बरं," असं म्हणाला, आणि बायकोजवळ जाऊन उभा राहिला.

साहेबांनी सगळा माल नापास केला. पोत्यांचे आकडे एकाच ओळीत होते, त्यामुळे एकशे चार मण चांगला कोळसाही त्यात गेला. शेरा लिहिला: पाडणाऱ्याने रेती मिसळली, रक्कम देऊ नये, पुढे काम देऊ नये. मला ते म्हणाले, तुमची वही नीट आहे. जूनमध्ये मला कायम केल्याचा कागद आला. तो नापास कोळसा कंपनीने लोहारांना विकला, आणि लोहारांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

मी घरी बायकोला यातलं बरंचसं सांगितलं. मी खोटं बोललो नाही, हे दोनदा सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"नाई बोलले ना खोटं?" ती म्हणाली. "मंग जेवाले बसल्यावर भात चिवडत काऊन बसता?"

जुलैमध्ये पिंपं परत आणायला मला तिकडे जावं लागलं. वाटेत त्या सात गावांपैकी तीन लागली. धानाच्या रोवणीचे दिवस होते, पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. स्वैपाकघरांना कूड नव्हते. एरवी जुना कूड निघतो तेव्हा नव्या काड्या घरात असतात. त्या साली नव्याही मीच नेल्या होत्या. लोकांनी पोती बांधली होती, फाटकी लुगडी बांधली होती, मोहाच्या फांद्या उभ्या केल्या होत्या. एका घरी चुलीपुढे बाई पाठ पावसाकडे करून बसली होती, स्वतःच्या अंगाने जाळाला आडोसा करून. मणाला दोन आणे भावाने तिच्या कुडाचे सहा-सात आणे झाले असतील. आमच्या वहीत ते चोख लागलेले होते.

पाटील भेटले. त्यांनी तोफेचा विषय काढला नाही, आणि मला ओसरीवर बोलावलंही नाही.

कोळसा पाडणारा दुसऱ्याच्या शेतात मजुरीने रोवणी करत होता. मी धुऱ्यावर उभा राहिलो. त्याने मान वर केली, मला ओळखलं आणि पुन्हा वाकून रोपं लावू लागला. पिंपं घराजवळ पालथी घालून ठेवली आहेत, साही आहेत, मोजून घ्या, असं वाकल्या वाकल्याच त्याने सांगितलं. मी म्हणालो की पैशाचं काहीतरी बघतो. तो तेव्हा सरळ उभा राहिला.

"पैशाचं नंतर, बाबू. ते चार जन म्हनतेत का रेती मीच टाकली, अन् त्याईची मजुरी बुडवली. बायकोच्या भावानं घरी येनं सोडलं. तिच्याशी बोलत नाई." त्याने हातातली चिखलाची रोपं पाण्यात धुतली. "माहं त्याईले खरं वाटत नाई. तुमी वही घेऊन सांगा."

मी सांगतो म्हणालो. ते चौघे त्या दिवशी कुठे आहेत, हे मी विचारलं. नाल्यापलीकडच्या शेतात होते, हाकेच्या अंतरावर. नाल्याला पाणी होतं, गुडघ्याच्या वर नसेल. मी गाडीवानाला पिंपं चढवायला सांगितली आणि चांद्याला परत आलो. २ मेची गोष्ट मी घाईत केली, असं निदान म्हणू शकतो. या दिवशी मला कसलीही घाई नव्हती.

पगार तेव्हा पंच्याऐंशी रुपये होता. दोनशे वीस रुपये बाजूला पडायला आठ महिने गेले. बायकोने न विचारता घरखर्चातून महिन्याला दहा कमी केले. दिवाळीला घरात नवीन कापड आलं नाही, पोरांना तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही. साहेबांना पत्र लिहावं, असं मला अनेकदा वाटलं. दोनदा लिहिलंही. खरं लिहिलं तर कायमपणा जाणार, आणि पोरं शाळेत आहेत, असं कारण मी स्वतःला देत आलो. कारण खरं आहे. पण कोळसा पाडणाऱ्यालाही पोरं होती, दोन. हे मी पत्र फाडताना कधी लक्षात घेतलं नाही.

होळी झाल्यावर, मार्च १९५६ मध्ये, पैसे आणि वही घेऊन मी त्याच्या वस्तीवर गेलो. या वेळी चौघांना बोलावून घेतलं. ते त्याच्या अंगणात येऊन उभे राहिले, बायकोचा भाऊ फाटकाशी, आत न येता. मी वही उघडली. मग ती मिटली, कारण वहीत सांगण्यासारखं काहीच नव्हतं. मी त्यांना सांगितलं की काड्या कुडाच्या होत्या, माती त्यांना आधीपासून होती, यांनी धुवायला आठ दिवस मागितले होते, मी दिले नाहीत, आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मी ते सांगितलं नाही. एवढं सांगायला मला फार वेळ लागला. मध्ये मी दोनदा वरोऱ्याच्या एकराचा हिशेब सांगायला लागलो. त्यांना त्याचा काही उपयोग नव्हता.

एकाने, वयाने सगळ्यात मोठा, विचारलं, "मंग तवा काऊन नाई बोलले?"

"नोकरीसाठी," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. कारण त्याला पटलं असं नाही, पण समजलं. मग ते चौघे आपापसांत गोंडीत बोलले. बायकोचा भाऊ फाटकातून आत आला आणि बहिणीशी काहीतरी बोलला. ती त्याला पाणी आणायला गेली.

कोळसा पाडणाऱ्याने मला विचारलं, "साहेबाले सांगतलं?"

मी नाही म्हणालो. कंपनीच्या कागदांत अजूनही त्याने रेती मिसळली असंच आहे. हे मी १९५९ साली लिहितो आहे, आणि त्या कागदांची पेटी मी बसतो त्या खोलीतच आहे. त्या सात गावांच्या कुडांचंही मी कोणाला काही दिलं नाही. त्यांनी मागितलं नाही, आणि मी त्यांचा आकडा काढला नाही. माझ्या हातून आकडा न काढलेली गोष्ट ती एकच.

पैसे मी कोळसा पाडणाऱ्यापुढे ठेवले. त्याने ते हातात घेतले नाहीत, चौघांकडे बोट दाखवलं. म्हणून मीच मोजून दिले. चौघांना प्रत्येकी चौतीस रुपये, एकूण एकशे छत्तीस. उरले चौऱ्याऐंशी. ते त्याने घेतले नाहीत. पाण्याचा लोटा खाली ठेवून त्याच्या बायकोने हात पुढे केला, आणि ते तिला दिले.